आधी विचारा, मग बांधा

(मंडळाच्या वर्धापनदिनी येलदरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी काही मोठी वक्ती नव्हे. आयुष्यभर मुलींना शिकविले आणि नोकरीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी राहिले तेथील महिला मंडळांच्या कामाला जमेल तसा हात लावला, एवढीच माझी शिदोरी. आपल्या चिटणीसबाईंचे पत्र आले. 'आपले गाव सुंदर कसे करावे?' असा विषय त्यात दिला होता, आणि पत्राच्या शेवटी एक आनंदाची बातमीही होती. मंडळाने पापड-कुरडया विकून आणि वर्गणी गोळा करून काही रक्कम साठविली आहे, व तिच्यातून स्टँडजवळच्या मोकळ्या जागेत एक कमान, चार सिमेंटची बाके आणि छोटीशी बाग करण्याचा ठराव झाला आहे. त्याबद्दल मी दोन कौतुकाचे शब्द बोलावेत, अशी बाईंची सूचना होती.

कौतुक तर मी करणारच. रुपयाला रुपया जोडून जमविलेला पैसा स्वतःच्या घरी न नेता गावासाठी काढून ठेवणे, ही लहान गोष्ट नाही. परंतु मायबहिणींच्या मेळाव्यात नुसते गोड बोलून जावे, हे परक्याचे लक्षण झाले. म्हणून मी आज थोडे स्पष्ट बोलणार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, गावातील चारचौघांची जागा बांधावयाची असेल, तर त्या जागेवर जो बसतो, जो विकतो आणि जो झाडतो, त्या तिघांना आधी विचारावे आणि मग बांधावे.

येलदरीच्या लोकांना बांधकाम म्हणजे काय, हे मी सांगण्याची गरज नाही. पूर्णेवरचे हे धरण १९६८ साली पुरे झाले. ४ किलोमीटरांहून लांब भिंत, पायापासून सुमारे ५१ मीटर उंची आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर! येथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी रानोमाळ पसरते. एवढ्या मोठ्या कामाचा नकाशा जाणत्या इंजिनीयरांनीच काढावयाचा असतो. तेथे तुमच्या-माझ्या सूचनेचे काम नाही. पण धरणाची भिंत निराळी आणि गावाचा चौक निराळा. भिंत पाणी अडविते, चौकाला माणसे अडवावी लागतात, आणि माणसे काही भिंतीने अडत नाहीत.

ह्या जलाशयाखाली जी गावे गेली, त्यांनाही पार होते, देवळांचे ओटे होते, पाणवठे होते. उठलेल्या माणसाला नव्या जागी घर बांधता येते, पण पार काही मोजून मिळत नाही. तो दहा-वीस वर्षे बसून, बोलून, भांडून, सावली शोधून हळूहळू जमत असतो. आपल्या कॅम्पातील क्वार्टरांना नंबर आहेत, पण चहाची टपरी कोठे असावी, जिंतूरकडची गाडी आली की बायकांनी कोणत्या भिंतीच्या आडोशाला उभे राहावे, नदी ओलांडून हिंगोली जिल्ह्यातून येणाऱ्या माणसाने कोणाच्या दुकानापाशी पिशवी ठेवून जावे, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नाही. ते लोकांनी आपले आपण ठरविले आहे. ज्या मोकळ्या जागेला आपण ठरावात 'पडीक जागा' म्हटले आहे, ती कदाचित पडीक नसेलही. तिच्यावर कोणाचा तरी दिवस उगवत आणि मावळत असेल.

हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. माझ्याच चुकीने शिकविले. ती चूक आज आपल्यापुढे सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी होते. तेथे भाजी विकणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला, धुळीत, पोते अंथरून बसत. आमच्या मंडळाला त्यांची दया आली. दया हा शब्द मी मुद्दाम वापरते. आम्ही वर्गणी काढली, गवंडी बोलाविला आणि रस्त्यापासून थोडा आत एक लांब ओटा बांधला. वर पत्रे घातले, समोर तुळशीवृंदावन केले, नारळ फोडून उद्घाटन केले, फोटोही काढले. पंधरा दिवसांनी जाऊन पाहते, तो ओट्यावर चार रिकामटेकडे पत्ते कुटीत बसलेले आणि भाजीवाल्या पुन्हा आपल्या जुन्या जागी धुळीत! मला फार राग आला. 'ह्या लोकांना चांगले केलेले पचतच नाही,' असे मी तेव्हा म्हटलेही. तेवढ्यात एक म्हातारी भाजीवाली मला म्हणाली, "बाई, वटा लई ब्येस हाय. पण त्येचं तोंड तिकडं अन् गिऱ्हाईक इकडं."

मी थांबून पाहिले. एस.टी. ज्या ठिकाणी उभी राहते आणि तिचे दार जेथे उघडते, तेथे गिऱ्हाईक उतरते. त्याच्या पायाशी जी बसली असेल, तिची मेथीची जुडी खपते. आमचा ओटा तेथून तीस पावले लांब, शिवाय पश्चिमेला तोंड. दुपारी तीननंतर त्यावर असे ऊन येई की पालक अर्ध्या तासात मान टाकी. तीस पावले आणि एक दिशा, ह्या दोन गोष्टी त्या म्हातारीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होत्या. तिला फक्त कोणी विचारले नव्हते. आमचे पैसे गेले ते गेले, पण मला आजही बोचते ते हे, की ज्यांच्यासाठी आम्ही बांधीत होतो त्यांच्याशी बोलावे, असे आमच्यापैकी एकीच्याही मनात आले नाही.

शहररचनेचे जाणकार हल्ली ह्या विषयाला 'प्लेसमेकिंग' म्हणतात. जागा नुसती बांधायची नाही, तर ती तेथील लोकांच्या हातून घडवायची, असा त्याचा अर्थ. नाव नवे आहे, गोष्ट नवी नाही. पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश पंडित होते. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्र ह्या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले ते हेच. त्याआधी १९१७ च्या सुमारास होळकरांच्या इंदूर संस्थानात नगररचनेच्या कामासाठी ते गेले होते. शहरात प्लेगाची भीती, गल्ल्यांत घाण, आणि नकाशे घेऊन हिंडणारा हा गोरा गृहस्थ दिसला की लोकांच्या पोटात गोळा येई, की आता हा आपली घरे पाडणार! गेडिसांनी काय करावे? त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था मागून घेतली आणि जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या गल्ल्यांनी आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील, त्या गल्ल्यांतून ती जाईल.

मग काय विचारता! प्रत्येक गल्लीला वाटू लागले की मिरवणूक आपल्या दारावरून गेली पाहिजे. लोकांनी आपण होऊन केर काढला, भिंतींना रंग दिला, मोडके दुरुस्त केले. आणि मिरवणुकीत मानाने कोण चालले? शहर झाडणारे सफाई कामगार, नवी पांढरी वस्त्रे घालून. त्यांच्या गाड्यांचे बैल शिंगे रंगवून सजविलेले होते. ज्यांना एरवी कोणी वळून पाहत नसे, त्यांच्याकडे त्या दिवशी सारे शहर पाहत होते. भगिनींनो, त्या काळी हे किती धाडसाचे होते, हे मराठवाड्यातल्या आपल्यासारख्या बायकांना अधिक सांगावयास नको. गेडिसांनी शहराला हुकूम केला नाही. शहराला हुरूप दिला, आणि झाडणाऱ्याला मान दिला. जो झाडतो त्यालाही विचारा, असे मी आरंभी म्हटले, ते ह्यासाठीच.

आता कोणी म्हणेल, हौसेने एक दिवस लोक केर काढतील, पण जेथे दुकानदाराच्या धंद्याचा प्रश्न येतो तेथे कोण ऐकतो? त्याचेही एक उदाहरण आपल्याच राज्यातले सांगते. मुंबईला बोरीबंदरच्या स्टेशनापासून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, हुतात्मा चौकाकडे जो रस्ता जातो, त्याला दादाभाई नवरोजी रस्ता म्हणतात. जुने नाव हॉर्नबी रोड. १८६० नंतरच्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला आणि हा रस्ता मोठा झाला. दोन्ही बाजूंना दगडी इमारती, आणि त्यांच्या खालून ओळीने कमानी, की ज्यांच्या आतून पावसाळ्यातही माणसाने न भिजता चालत जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय ह्याच रस्त्यावर. मराठवाड्यातील मुलांसाठी औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढले, तेही ह्याच सोसायटीने.

पण शतक संपत आले तोपर्यंत ह्या कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. प्रत्येक दुकानाची पाटी शेजाऱ्याच्या पाटीहून मोठी आणि भडक! कमानी पाट्यांमागे गेल्या, खांब फळ्यांमागे गेले. मुंबईत १९९५ साली वारसा-वास्तूंचे नियम झाले होते, त्यामुळे दंडुका उगारणे शक्य होते. परंतु आभा नारायण लांबा ह्या तेव्हाच्या तरुण वास्तुविशारद बाईंनी दुसरा मार्ग धरला. कोणत्या इमारतीवर कोणत्या मापाची पाटी कोठे शोभेल, ह्याची त्यांनी एक पुस्तिकाच तयार केली आणि दुकानदारांना व इमारतीतील रहिवाशांना समजावीत त्या रस्ताभर हिंडल्या. म्हणणे साधे होते. पाटी काढू नका, ती कमानीच्या आत बसवा. तुमचे नाव राहील आणि कमानही दिसेल. एकाने केले, दुसऱ्याने पाहिले. ज्यांचा रस्त्यावर धंदा होता, त्यांनीच पुढे 'हेरिटेज माइल असोसिएशन' ही संस्था काढून रस्त्याची काळजी वाहण्याचे मनावर घेतले. २००४ साली ह्या कामाला युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा-जतनाचे पारितोषिक दिले.

ह्यावरून मी एक गोष्ट शिकले. दुकानदार हा गावाच्या शोभेचा शत्रू नव्हे. तो रोज सकाळी तेथे येऊन दार उघडतो आणि रात्री शेवटचा दिवा मालवितो. आपण उद्घाटनाला येतो आणि जातो, तो तेथेच असतो. जागा नीट राहिली तर गिऱ्हाईक चार घटका अधिक थांबते, हे त्याला आपल्याहून लवकर कळते. त्याच्या स्वार्थाला नावे ठेवण्यापेक्षा त्या स्वार्थाला गावाच्या कामाला जुंपावे, हे शहाणपण. मात्र पाटी कमानीत बसली पाहिजे. पाटीमागे कमान गेली, तर ती कमान गावाची राहत नाही. उद्या आपल्या कमानीला कोणी देणगी देईल आणि आपले नाव गावाच्या नावाहून मोठे लिहा म्हणेल, तेव्हा मुंबईचा हा धडा आठवा.

पण दुकानदारांना विचारले म्हणजे सर्वांना विचारले, असेही समजू नका. ज्याला पाटी आहे, त्याला संघटना करता येते. पोते अंथरून बसणारीला पाटीही नाही आणि संघटनेत खुर्चीही नाही. ही उणीव ओळखूनच २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. शहरांतील ज्या समित्या फेरीवाल्यांच्या जागा ठरवितात, त्यांत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा सांगतो. कायदा शहरांसाठी आहे, आपले गाव त्यात येत नसेल. परंतु जे शहाणपण शहराला कायद्याने शिकवावे लागते, ते गावाने आपण होऊन घ्यावे, ह्यात कमीपणा कसला?

आता आपल्या जवळ येऊ. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, आपल्यापैकी अनेकींनी दवाखान्याच्या किंवा मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने पाहिले असेल. पाणचक्कीही पाहिली असेल. पाणचक्कीजवळून जी नदी वाहते, तिचे नाव खाम. मकाई दरवाजा, बारापुल्ला दरवाजा, महमूद दरवाजा ह्यांच्यापुढचे पूल ह्याच नदीवरचे. परंतु कित्येक वर्षे शहराच्या लेखी ती नदी नव्हतीच, तो नाला होता. पुलावरून जाता जाता कचऱ्याची पिशवी खाली भिरकावयाची, एवढेच नाते उरले होते.

२०२१ साली ह्या नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. ते एकट्या महानगरपालिकेने केले नाही. छावणी परिषद त्यात आली, वाहनांचे सुटे भाग बनविणारा तेथलाच व्हॅरॉक उद्योगसमूह आला, आणि 'इकोसत्त्व' ही संस्था आली. नताशा झरीन आणि गौरी मिराशी ह्या दोघी बायकांनी काढलेली ही संस्था आहे, हे महिला मंडळात मुद्दाम सांगण्यासारखे. नगरपालिकेकडे माणसे व अधिकार, कारखान्याकडे पैसा, संस्थेकडे जाण, आणि नागरिकांकडे सकाळचा वेळ, अशी चौघांची मोट बांधली गेली. लोकांनी स्वच्छतेसाठी काठावर उतरावयाचे, कचरा मुळात नदीत येऊ नये म्हणून वस्तीवस्तीतील कचरा वेगळा करून उचलावयाचा, आणि मोकळ्या झालेल्या काठावर झाडे व फिरावयाच्या वाटा करावयाच्या, असा क्रम ठेवला. २०२४ साली शहरांसाठीच्या एका जागतिक पुरस्काराच्या अंतिम यादीत हे काम गेले. नदी पूर्ण निर्मळ झाली, असे मी म्हणणार नाही. शंभर वर्षांची घाण तीन-चार वर्षांत जात नसते. परंतु ज्या काठाकडे लोक पाठ करीत, त्या काठाकडे तोंड करून बसू लागले, हा केवढा पालट! माझ्या त्या ओट्याचे तोंड चुकले होते. ह्या कामात तोंड बरोबर दिशेला वळले.

आणि अगदीच घराजवळचे पाहावयाचे, तर आपल्याच परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातले वालूर. तेथे चक्राकार पायऱ्यांची फार देखणी जुनी बारव आहे. गाळाने आणि कचऱ्याने भरलेल्या जुन्या बारवा गावकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत श्रमदान करून मोकळ्या केल्या, आणि आता लांबलांबून लोक त्या पाहावयास येतात. वालूरकरांनी नवे काही बांधले नाही, होते ते उघडे केले. कधी कधी जागा घडविणे म्हणजे सिमेंट आणणे नव्हे, मध्ये पडलेला गाळ काढणे.

असो. दूरदूरच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. आता आपल्या स्टँडजवळच्या जागेकडे वळते. मी आज सकाळी मुद्दाम लवकर येऊन तासभर तेथे उभी होते. त्या तासात माझ्या जे डोळ्यांस पडले ते सांगते, चुकले असेल तर मला दुरुस्त करा. मासळीची टोपली घेऊन बसलेल्या दोघी होत्या, त्यांना पाणी आणावयास पार समोरच्या टपरीपर्यंत जावे लागत होते. शाळेच्या मुली गाडीची वाट पाहत उन्हात उभ्या होत्या. सावलीत पुरुष बसले होते, म्हणून त्या तिकडे गेल्या नाहीत. एक लेकुरवाळी बाई भिंतीकडे तोंड करून मुलाला पाजीत होती. आणि मला स्वतःला, ह्या वयात, जी अडचण झाली ती सांगावयास लाज वाटते, पण बायकांपुढे सांगते. बायकांनी जाण्यासारखी मोरी तेथे मला दिसली नाही. मी एका घरी जाऊन विनंती केली. त्या घरच्या सुनेने दार उघडले, देव तिचे भले करो. पण रोज येणाऱ्या मासळीवालीला रोज कोण दार उघडणार?

आता तुम्हीच सांगा, ह्या साऱ्यांना विचारले असते, तर एकीने तरी म्हटले असते का, की आम्हाला कमान हवी?

मी कमानीच्या विरुद्ध नाही. गावाला तोंड असावे, तोंडाला शोभा असावी. परंतु माझी विनंती आहे की हा ठराव एक महिनाभर बाजूस ठेवावा, आणि त्या महिन्यात तीन कामे करावीत.

पहिले काम विचारण्याचे. मंडळाच्या दोन-दोन भगिनींनी जोडीने जावे, वही घेऊन जावे, आणि सांगावयास नव्हे तर ऐकावयास जावे. भाजीवाली, मासळीवाली, चहावाला, रिक्षावाले, झाडणारा, शाळेच्या मुली, आणि दुपारी पारावर बसणारे म्हातारे, सर्वांना एकच विचारावे: 'तुम्ही येथे कोणत्या वेळी असता, आणि येथे काय नडते?' 'तुम्हाला काय पाहिजे?' असे विचारू नका. त्यावर माणूस संकोचाने काहीच सांगत नाही, नाहीतर वाटेल ते मागतो. नड विचारली की खरे बाहेर येते.

दुसरे काम करून पाहण्याचे. पुण्याची महानगरपालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते. गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना मोकळा देतात. एक दिवस करून पाहिले की व्यापाऱ्यांची भीती किती खरी आणि किती खोटी, हेही कळते आणि आपली चूकही कळते. आपणही बाजाराच्या एका दिवशी चार बाजा टाकाव्या, एक ताडपत्री बांधावी, खडूने रेघा माराव्यात. सकाळी आठला, बाराला आणि चारला सावली कोठे पडते ते पाहावे. गाडीचे दार कोठे उघडते ते पाहावे. ताडपत्री हलविता येते, सिमेंट हलविता येत नाही.

तिसरे काम वाटा ठरविण्याचे. बांधणे सोपे, राखणे कठीण. वैशाखात झाडांना पाणी कोण घालणार? मोरीची किल्ली कोणाकडे राहणार? कचऱ्याची पेटी रोज कोण रिकामी करणार, आणि त्याला त्याचे दाम कोण देणार? ज्यांचा धंदा त्या जागेवर चालतो, त्यांच्यापाशी जाऊन मोकळेपणाने म्हणावे, 'दादा, गिऱ्हाईक तुमचे वाढेल, तेव्हा पाण्याचा माठ तुमचा.' दुसऱ्याने दिवा सांभाळावा, तिसऱ्याने झाडाची जाळी. मंडळाने हिशेब ठेवावा. हे सारे कागदावर लिहून त्यावर सह्या घ्याव्यात, अंगठे घ्यावेत. आणि तो कागद ग्रामसभेपुढे न्यावा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा भरविण्याची तरतूद आहे. ती सभा पुष्कळ ठिकाणी नुसती कागदावर भरते. आपली ती खरी भरवावी. ह्याहून चांगला विषय तिला कोठून मिळणार?

कोणी म्हणेल, बाई, ह्या विचारपुशीत वर्धापनदिनाची शोभा निघून जाईल, पैसेही मोरीत जातील आणि नाव कशावर कोरावयाचे? मला ह्या बोलण्याचा राग येत नाही. बायकांच्या नावाने गावात काहीतरी दिसावे, ही इच्छा खोटी नाही. आजवर आपले नाव पाळण्यावर आणि भांड्यांवरच कोरले गेले. पण माझ्या त्या ओट्यावर आमच्या मंडळाचे नाव कोरलेले होते, ठळक अक्षरांत. त्यावर पत्ते कुटीत असत. नाव कोरून राहत नाही, वापरून राहते. एखादी मुलगी आपल्या धाकट्या बहिणीला म्हणेल, 'मंडळाच्या सावलीत थांब, मी आलेच,' तेव्हा तुमचे नाव लागले असे समजा.

कमान मागाहून होईल. तिच्याखालून जाणाऱ्या बाईला आधी दोन घटका बसावयास जागा होऊ द्या.